घरचा प्रश्न

दिवाळी जवळ आली की पणत्या, आकाशकंदील आणि चकलीचा खमंग वास सर्वांनाच आठवतो. मला मात्र आठवते ती आमच्या वाड्यातली एक भिंत. पुण्याच्या एका पेठेतला तो जुना वाडा. सात बिऱ्हाडे, एक चौक आणि सर्वांना मिळून एक नळ. आमच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडामध्ये जी भिंत होती ती कुडाची, वरून चुना फासलेली. तिच्यातून दिसत काही नसे, पण बाकी सगळे आरपार जाई. पलीकडे मिरचीची फोडणी पडली की अलीकडे आम्हांला ठसका लागे.

१९५३ साली मी आठ वर्षांचा होतो. त्या सुमारास शेजारी एक नवे जोडपे राहायला आले. नवरा कुठल्याशा कचेरीत कारकून होता. बोलणे मृदू, वागणे अदबीचे, सकाळी अंघोळ झाली की खणखणीत आवाजात स्तोत्रे म्हणणारा. बायको विशीतली. आम्ही मुले तिला वहिनी म्हणत असू. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एके रात्री त्या भिंतीतून वेगळाच आवाज आला. आधी काही तरी पडल्याचा, मग चापट मारल्याचा, मग तोंडात पदर कोंबून रडल्याचा. आई लाडू वळता वळता थांबली. वडिलांनी हातातले वर्तमानपत्र आणखी थोडे वर धरले आणि म्हणाले, "आपण काय करणार? त्यांच्या घरचा प्रश्न आहे."

आजी दह्याला विरजण लावायला बसली होती. ती काही बोलली नाही. वाटी उचलून ती बाहेर गेली आणि तिने शेजारच्या दाराची कडी वाजवली. "अगं, चमचाभर विरजण आहे का घरात?" असे ती मोठ्याने म्हणाली. आमच्या शिंक्यावर दह्याचे भांडे भरलेले होते, हे मला ठाऊक होते. पलीकडचा आवाज थांबला. बऱ्याच वेळाने दार उघडले, आणि आजी वाटीत चमचाभर दही घेऊन परत आली.

पुढे मी शिक्षकी पेशात शिरलो आणि संयुक्त राष्ट्रसंघ, मानवी हक्क, वसाहतींचे स्वातंत्र्य हे धडे तीस वर्षे शिकवले. त्या धड्यांत तारखा पुष्कळ असतात आणि मुलांना त्या पाठ कराव्या लागतात. पण शिकवताना माझ्या मनात दर वेळी ती कडी वाजे. कारण त्या सगळ्या तारखांच्या तळाशी प्रश्न एकच आहे. दुसऱ्याच्या घरात अन्याय चालला असेल, तर त्याचे दार वाजवण्याचा आपल्याला अधिकार आहे का? आणि असला, तर तो कोणाला आहे?

शेकडो वर्षे राजेरजवाड्यांचा आणि राष्ट्रांचा आपसात अलिखित करार असा होता की, ज्याने त्याने आपापली प्रजा सांभाळावी. ती कशी सांभाळली, हे इतरांनी विचारू नये. दुसऱ्या महायुद्धात हिटलरने लाखो ज्यूंची कत्तल केली, तेव्हा या कराराचा अर्थ काय होतो ते जगाला दिसले. म्हणून २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे राष्ट्रसंघाच्या सनदेवर सह्या झाल्या, तेव्हा तिच्या प्रास्ताविकेत मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धेचा उच्चार झाला. पण त्याच सनदेच्या दुसऱ्या कलमात सातवे पोटकलम आहे. कोणत्याही राष्ट्राच्या अंतर्गत कारभारात संघाने हात घालू नये, असा त्याचा आशय. म्हणजे पहिल्याच पानावर आमची आजीही आहे आणि काही ओळींच्या अंतरावर आमचे वडीलही आहेत!

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. त्या प्रास्ताविकेचा मूळ मसुदा ज्यांनी केला ते गृहस्थ म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. गांधीजींना तुरुंगात घालणारे ते हेच. गांधीजींनी तुरुंगात स्वतःच्या हाताने शिवलेल्या चपला यांनाच भेट दिल्या होत्या, आणि गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त त्या यांनी आदराने परत पाठवल्या होत्या. मनुष्य विद्वान, तत्त्वज्ञ आणि वागण्यात सभ्य. परंतु त्यांच्या देशात काळ्या माणसाला मत नव्हते आणि हिंदी माणसाने कुठे राहावे, कुठे जमीन घ्यावी यावर निर्बंध होते. १९४६ साली तर तिथल्या हिंदी लोकांच्या जमीनजुमल्यावर नवी बंधने घालणारा कायदा त्यांच्याच सरकारने केला. डरबनमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि शेकडो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. हे स्मट्ससाहेब लबाड होते असे मला वाटत नाही. 'मानव' हा शब्द लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर जी माणसे आली, त्यांत ही माणसे आलीच नसावीत. सकाळी खणखणीत स्तोत्रे म्हणणारे आमचे शेजारीही ढोंगी नव्हते. त्यांचा देव आणि त्यांची बायको ही त्यांच्या मनाच्या दोन वेगळ्या खोल्यांत राहत होती, इतकेच.

अशाच दोन खोल्या चर्चिलसाहेबांच्याही मनात होत्या. ऑगस्ट १९४१ मध्ये त्यांनी आणि रूझवेल्ट यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. आपले सरकार निवडण्याचा हक्क सर्व लोकांना आहे असे तीत म्हटले होते. हे वाचून हिंदुस्थानातल्या आणि आफ्रिकेतल्या लोकांच्या आशा पालवल्या. पुढच्याच महिन्यात पार्लमेंटात चर्चिलसाहेबांनी खुलासा केला की, ही भाषा मुख्यतः नाझी टाचेखाली भरडलेल्या युरोपीय राष्ट्रांसाठी आहे; हिंदुस्थानचा प्रश्न निराळा.

म्हणून मला असे वाटते की, मानवी हक्कांचे शब्द युरोप-अमेरिकेत लिहिले गेले असतील, पण त्यांतला अर्थ ज्यांना त्या शब्दांतून वगळले होते त्यांनी भरला. २२ जून १९४६ रोजी हिंदुस्थान सरकारने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध राष्ट्रसंघाकडे तक्रार केली. त्या वेळी आपला देश स्वतः पारतंत्र्यात होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्याला स्वतःचे घर अजून मिळाले नव्हते तोच दुसऱ्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती महमदअली छागला त्यांच्याबरोबर होते. स्मट्स यांचे उत्तर ठरलेले होते: हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले. बत्तीस राष्ट्रे ठरावाच्या बाजूने, पंधरा विरुद्ध, सात तटस्थ. विरुद्ध असणाऱ्यांत ब्रिटन होते आणि अमेरिकाही होती. ठरावात फार काही नव्हते. हिंदी लोकांना सनदेला आणि दोन सरकारांमधल्या करारांना धरून वागवावे, आणि काय केले ते दोघांनी कळवावे, एवढेच. पण अंतर्गत प्रश्नाची कडी त्या दिवशी पहिल्यांदा वाजली.

विजयाबाईंनी आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. मतदान संपल्यावर त्या स्मट्स यांच्याकडे गेल्या. गांधीजींनी घालून दिलेल्या मर्यादेबाहेर आपण काही बोललो असलो तर क्षमा करावी, असे त्या म्हणाल्या. तेव्हा तो वृद्ध सेनानी त्यांना म्हणाला की, हा तुमचा विजय पोकळ आहे. या मतदानामुळे येत्या निवडणुकीत माझी सत्ता जाईल, पण तुमच्या हाती काही लागणार नाही. झालेही तसेच. मे १९४८ च्या निवडणुकीत स्मट्स पडले आणि त्यांच्याहून कितीतरी कडवे वर्णद्वेष्टे सत्तेवर आले. वर्णभेद आता रीतसर शास्त्र बनला. १९५० साली प्रत्येक माणसाची वंशवार नोंद करणारा कायदा झाला, आणि कोणत्या वंशाने शहराच्या कोणत्या भागात राहावे हे ठरवणारा दुसरा.

इथे मी वर्गात नेहमी थांबत असे. स्मट्स यांची सत्ता नुसत्या एका ठरावामुळे गेली असे नाही. कारणे पुष्कळ होती. पण प्रश्न उरतोच. दार वाजवल्याने आतल्या माणसाचे हाल वाढणार असतील, तर वाजवावे का?

आमच्या वाड्यातही तेच घडले होते. विरजणाच्या त्या रात्रीनंतर शेजारची चौकाकडची खिडकी बंद झाली. वहिनींनी आमच्याकडे यायचे नाही, असा हुकूम झाला. नळावर त्या मान खाली घालून उभ्या राहत. भिंतीतून पुन्हा आवाज आला नाही. पण मार थांबला होता की फक्त आवाज, हे कळायला मार्ग नव्हता. वडील एकदा आजीला म्हणाले, "बघ, तू गेलीस आणि त्या पोरीचं बोलणंचालणं बंद झालं." आजी म्हणाली, "मी गेले नसते तर ती बोलणार होती का रे?"

राष्ट्रसंघाच्या दाराशीही तक्रारींचे ढीग पडत होते. जगभरातून लोक पत्रे लिहीत होते. १९४७ साली मानवी हक्क आयोगाची पहिली बैठक भरली तेव्हा आयोगाने जाहीर केले की, हक्कभंगाच्या तक्रारींवर कोणतीही कारवाई करण्याचा आपल्याला अधिकार नाही! पत्रे यायची, त्यांची यादी व्हायची आणि ती गुप्त राहायची. त्या आयोगावर आपल्या देशाच्या हंसा मेहता होत्या. मुंबईच्या सार्वजनिक जीवनातले हे मोठे नाव. नुसते जाहीरनामे नकोत, अंमलबजावणीही हवी, असा त्यांचा आग्रह होता. तो त्या वेळी मान्य झाला नाही. पण जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात सर्व पुरुष असाही अर्थ होईल असे जे इंग्रजी शब्द होते, ते बदलून तिथे निःसंदिग्धपणे सर्व मानव असे यावे, यासाठी त्या अडून बसल्या. आयोगाच्या अध्यक्षा श्रीमती रूझवेल्ट यांना त्याची निकड वाटत नव्हती. जुन्या शब्दांत स्त्रिया आल्याच की, असे त्यांचे म्हणणे. वगळले गेल्याचा अनुभव असणाऱ्या बाईला मात्र ते पुरेसे वाटेना. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये जाहीरनामा अठ्ठेचाळीस मतांनी मंजूर झाला, तेव्हा त्यात हंसाबाईंचे शब्द होते. विरुद्ध मत एकही पडले नाही. आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यांत दक्षिण आफ्रिका होती, हे सांगायला नकोच.

मग साम्राज्यांची घरे एकेक करून मोकळी होऊ लागली. हक्कांचे करार वसाहतींना आपोआप लागू होऊ नयेत, अशी पळवाट ब्रिटनसारख्या सत्तांना हवी होती. १९५० साली आमसभेने ती नाकारली. १९६० या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा एकोणनव्वद मतांनी मंजूर झाला, आणि नऊ राष्ट्रे तटस्थ राहिली. दुसऱ्या दिवशी आमसभेने आणखी एक ठराव केला, तो आपल्या घराशेजारचा आहे. पोर्तुगाल म्हणत असे की, गोवा ही वसाहत नव्हेच, तो आमच्या देशाचाच सागरापलीकडचा प्रांत आहे. तेव्हा तो आमच्या घरचा प्रश्न. आमसभेने गोव्यासह पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश नावानिशी मोजून सांगितले की, या वसाहतीच आहेत. या नव्या राष्ट्रांच्या रेट्यामुळेच १९६७ आणि १९७० साली आयोगाला तक्रारींची दखल घेण्याचे अधिकार मिळाले. म्हणजे ज्यांच्या पत्रांच्या नुसत्या याद्या होत असत, त्यांनीच पुढे ते कुलूप काढले.

इथे हा निबंध संपवता आला असता तर बरे झाले असते. दिवाळीच्या अंकाला गोड शेवट शोभतो. पण आजीची गोष्ट अर्धीच राहिली आहे.

त्या काळी वाड्यामागच्या बोळात टोपलीचे संडास असत आणि ते साफ करायला एक बाई येई. आमच्याकडे तिच्यासाठी एक कान तुटलेला कप होता. तो मागच्या दारी कोनाड्यात असे. तिने तो स्वतः धुऊन पुढे धरायचा आणि आजीने वरून चहा ओतायचा. दिवाळीला ती पदर पसरून उभी राही आणि आजी हातभर अंतरावरून त्यात करंज्या-चकल्या टाकी. राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली त्याला तेव्हा चार-पाच वर्षे झाली होती. घटनेची ती वार्ता आमच्या कोनाड्यापर्यंत आली नव्हती.

पुढच्या दिवाळीपर्यंत शेजारचा हुकूम सैल झाला होता. वहिनी आमच्याकडे येऊ लागल्या होत्या. त्या दिवशी त्या मागच्या दारी उभ्या होत्या. करंजी पदरात न पडता दगडावर आपटून फुटली. वहिनी हळूच म्हणाल्या, "काकू, तिच्या हातात द्या की." आजीचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती म्हणाली, "ही आमच्या घरची रीत आहे. तू यात पडू नकोस."

मला तेव्हा काही विशेष वाटले नाही. वाटायला पुष्कळ वर्षे लागली. शेजारच्या दाराची कडी वाजवणारी माझी आजी स्वतःच्या दाराशी येऊन नेमके वडिलांचेच वाक्य बोलली होती.

आणि आजीचे जे झाले तेच देशाचे झाले. ज्या १९४६ साली आपण दक्षिण आफ्रिकेचे दार वाजवले, त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना एक पत्र लिहिले. अमेरिकेतल्या निग्रोंनी राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे कळले. हिंदुस्थानातले अस्पृश्यही तसेच करण्याच्या विचारात आहेत, तरी अर्जाच्या प्रती पाठवाव्यात, अशी त्यात विनंती होती. म्हणजे आपण दुसऱ्याच्या दाराशी उभे असताना आपल्याच मागच्या दारी कोणी तरी कडीला हात घालत होते. पुढे १९६५ साली वंशभेद निवारणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात वंश आणि वर्ण यांच्या जोडीला जन्माने येणारे कूळ हाही शब्द घालावा, अशी दुरुस्ती भारतानेच सुचवली होती. आणि २००१ साली वंशद्वेषाविरुद्धची जागतिक परिषद भरली, तीही डरबनलाच! तिथे दलित कार्यकर्ते जातिभेदाचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा आपल्या सरकारने सांगितले की, जात म्हणजे वंश नव्हे. हा आमच्या घरचा प्रश्न आहे, आमचे कायदे तो सोडवायला समर्थ आहेत. त्या कराराखालच्या समितीने पुढच्याच वर्षी स्पष्ट केले की, कूळ या शब्दात जातही येते. आपण ते मान्य केले नाही. कायदे आपल्याकडे आहेत, चांगलेही आहेत. मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली दुसरा झाला. तरी गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतोच.

कोणी म्हणेल, मग आजीने शेजारची कडी वाजवायलाच नको होती. आधी स्वतःचे मागचे दार पाहायचे. हा युक्तिवाद ऐकायला मोठा नैतिक वाटतो, पण त्याचा फायदा मारणाऱ्याखेरीज कोणालाच होत नाही. ज्याचे घर निर्मळ त्यानेच दुसऱ्याचे दार वाजवावे असा नियम केला, तर जगात एकही कडी वाजायची नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. बलवान राष्ट्रे मानवी हक्कांचे नाव घेऊन दुर्बलांच्या घरात घुसतात. हे खरे आहे, आणि आपल्याला तर ते पुरते ठाऊक आहे. इंग्रजही आम्हांला सुधारण्यासाठीच राहिलो असे म्हणत. पण आजीच्या हातात पहार नव्हती, वाटी होती. कडी वाजवणे निराळे आणि दार फोडणे निराळे. ओळखण्याची खूणही सोपी आहे. कडी वाजवणाऱ्याचे स्वतःचे दार बाहेरून वाजवता येते. दार फोडणाऱ्याचे येत नाही.

म्हणून माझे उत्तर इतकेच आहे. कडी वाजवावी. स्वतःचे घर मळलेले असले तरी वाजवावी. मात्र एकदा दुसऱ्याची कडी वाजवली की 'घरचा प्रश्न' हे वाक्य उच्चारण्याचा आपला हक्क संपला. १९४६ सालीच आपण तो हक्क सोडून दिला आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

दक्षिण आफ्रिकेत सर्व वंशांच्या लोकांनी एकत्र मतदान केले ते एप्रिल १९९४ मध्ये, म्हणजे विजयाबाईंच्या पोकळ विजयानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. त्या वर्षीच्या दिवाळीत मी वहिनींना भेटायला गेलो होतो. नवरा केव्हाच निवर्तला होता. बोलता बोलता मी विरजणाची रात्र काढली आणि विचारले, "आजीमुळे तुम्हांला त्रासच झाला ना?" त्या म्हणाल्या, "झाला की. महिनाभर झाला. पण तोवर मला वाटायचं, भिंतीपलीकडे काही ऐकूच जात नाही."

आणि आजीचे? वहिनी बोलल्यावर ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीला तिने एक ताट भरले, मागच्या दारी नेले आणि पायरीवर ठेवले. हातात दिले नाही. पण वरूनही टाकले नाही. ती बाई थोडा वेळ ताटाकडे पाहत राहिली, मग तिने ते उचलले. आजी आत आली. कोनाड्यातला तो कान तुटलेला कप मात्र आजी असेपर्यंत तिथेच होता.